पोचा आलेला हिरवा डबा

मालिकेतला नट वारला की दोन मार्ग असतात. एक तर त्या पात्राला कायमचं परगावी पाठवायचं, नाहीतर त्याच जागी दुसरा माणूस उभा करून काही झालंच नाही असं दाखवायचं. मास्तरांच्या बाबतीत दोन्ही जमण्यासारखं नव्हतं. अकरा वर्षं लोकांनी दर आठवड्याला त्यांना पाहिलं होतं. दुसऱ्या कोणाला त्यांच्या खुर्चीत बसवलं असतं, तर लोकांनी आमचं जगणं नकोसं केलं असतं.

आमची मालिका विनोदी. घड्याळदुरुस्तीचं एक दुकान, आणि तिथे रोज जमणारे चार मित्र: दुकानाचा मालक घड्याळजी, एक पोस्टमन, एक नर्स आणि एक शिंपी. मास्तर घड्याळजी व्हायचे. नट होण्याआधी ते शाळेत शिकवत, म्हणून सेटवर सगळे त्यांना मास्तरच म्हणत. या घड्याळजीकडे एक हिरवा पत्र्याचा डबा होता. तो कायम काखेत. आत काय आहे ते कोणाला सांगायचा नाही, आणि पोस्टमनला तर त्या डब्याने वेड लावलं होतं. दर दुसऱ्या भागात तो डबा उघडायची काहीतरी शक्कल काढायचा आणि तोंडघशी पडायचा. अकरा वर्षांत डबा एकदाही उघडला नाही.

माझं काम कंटिन्युइटी. म्हणजे सकाळी घेतलेल्या शॉटमध्ये कप उजव्या हातात असेल, तर जेवणानंतर घेतलेल्या पुढच्या शॉटमध्येही तो उजव्याच हातात पाहिजे. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले असतील तर चारच वाजले पाहिजेत, आणि ते घड्याळाचं दुकान असल्यामुळे माझ्या नशिबी भिंतीवरची सव्वीस घड्याळं. हे सगळं मी रजिस्टरात लिहून ठेवते. बावीस रजिस्टरं भरली. आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून बघत बसायचं आणि लोकांना टोकायचं, हा माझा धंदा. माझा स्वभाव मुळात असा किरकिरा होता की धंद्याने तो झाला, हे मला आता आठवत नाही.

आणि सगळ्यात जास्त टोकायला लागायचं ते मास्तरांना. दोन पानांचं भाषण एका दमात म्हणतील, एक काना चुकणार नाही, पण डबा? आता डाव्या काखेत, तर पुढच्या शॉटला उजव्या. चष्मा आधी कपाळावर, मग खिशात. शर्टाचं वरचं बटण कधी लावलेलं, कधी उघडं. दिग्दर्शक 'अॅक्शन' म्हणणार इतक्यात मी ओरडायची, "मास्तर, डबा!" ते शाळकरी पोरासारखी मान खाली घालायचे. "चुकलो, इन्स्पेक्टर." मला ते इन्स्पेक्टरच म्हणत. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. सगळ्यांदेखत मी त्यांना एकदा विचारलं होतं, "शाळेत पोरांच्या वह्या तपासायचात की नुसत्या सह्या ठोकायचात?" ते हसले होते. मी मात्र हसले नव्हते.

मास्तर दोन महिन्यांपूर्वी गेले. आजार लांबला होता, त्यामुळे त्यांनी सगळी आवराआवर करून ठेवली होती. लेखकाला बोलावून सांगितलं, "मला परगावी वगैरे पाठवू नका. घड्याळजी मेला असं सरळ दाखवा. त्याने मित्रांसाठी काय काय ठेवलंय, यावर एक भाग करा. चिठ्ठ्या मी लिहून देतो." तीन बंद पाकिटं त्यांनी दिली. कोणाला काय मिळणार एवढंच लेखकाला सांगितलं. पाकिटं मात्र कॅमेऱ्यासमोरच फोडायची, ही त्यांची अट.

त्या शेवटच्या भागाच्या दिवशी सकाळी मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या निर्मात्या. बाई वाईट नाहीत, पण वायफळ खर्च दिसला की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि अलीकडे माझ्याकडे पाहूनही पडत होत्या.

"बस," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात नवी मालिका सुरू होतेय, माहितीय ना?"

"हो."

"त्यात कंटिन्युइटीला वेगळं माणूस ठेवायचं नाही असं ठरतंय. आता सगळ्यांच्या मोबाइलमध्ये फोटो असतात. फोटो बघितला की झालं." त्यांनी समोरची फाइल मिटली. "आणि खरं सांगू का? मास्तर गेले. आता इथे चुका करणारंच कोणी उरलं नाही."

मी "बरं" म्हटलं आणि उठले. दुसरं काय म्हणणार? त्रेपन्न वर्षांची बाई मी, दुसरं काही काम येत नाही. पण दुखलं ते त्यामुळे नाही. अकरा वर्षं मी जे केलं ते एका मोबाइलच्या फोटोने भागण्यासारखं होतं, हे जे त्या इतक्या सहज बोलून गेल्या, ते मला लागलं. कारण मलाही कधीकधी तसंच वाटायचं.

सेटवर शंभर प्रेक्षक येऊन बसले होते. पहिल्या रांगेत मास्तरांची बायको, आमच्या वहिनी. त्यांच्या शेजारी मॅडम. दिग्दर्शकाने सगळ्यांना गोळा केलं.

"आज एकच टेक," तो म्हणाला. "चिठ्ठ्यांमध्ये काय आहे ते कोणालाच ठाऊक नाही. रडू आलं तर रडा, हसू आलं तर हसा. पण काहीही झालं तरी मध्ये थांबायचं नाही. छत कोसळलं तरी कोणी तोंड उघडायचं नाही." हे म्हणताना तो माझ्याकडेच बघत होता. सगळेच माझ्याकडे बघत होते.

कॅमेरे सुरू झाले. दुकानात ती सव्वीस घड्याळं टिकटिकत होती आणि घड्याळजीचं स्टूल रिकामं होतं. पहिलं पाकीट नर्सने फोडलं. तिला घड्याळजीचं डोळ्याला लावायचं भिंग मिळालं. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'बाई, माझी नाडी बघताना तू दरवेळी माझ्या दुकानातल्या बंद घड्याळाकडे बघायचीस. म्हणूनच मी इतकी वर्षं ठणठणीत होतो.' लोक हसले. नर्सही हसली आणि हसता हसता तिने भिंग डोळ्याला लावलं, ते काढेचना. कॅमेऱ्याला तिचे डोळे दिसू नयेत म्हणून.

शिंप्याला स्टूल मिळालं. 'शिंप्या, तू शिवलेल्या माझ्या पँटचा एक पाय कायम आखूड. या स्टुलाचाही एक पाय आखूड आहे. आता तू बस आणि बघ कसं वाटतं ते.' तो बसला, स्टूल डगमगलं, आणि तो हुंदका देऊन रडायला लागला. मालिकेतला शिंपी रडत नव्हता, आमचा माणूस रडत होता.

मग पोस्टमन. त्याने पाकीट फोडलं, घसा खाकरला आणि वाचू लागला.

'पोस्टमन, अकरा वर्षं तू माझ्या डब्यावर डोळा ठेवलास. आता तो तुझा. पहिल्या दिवशी मी या दुकानात शिरलो तेव्हा माझ्या काखेत होता, तोच. त्याच दिवशी तू तो पाडलास, आणि झाकणाच्या कोपऱ्याला पोचा आला, तोच. दुसरा कुठलाही नाही. उघड.'

पोस्टमनने काउंटरवरचा हिरवा डबा उचलला आणि छातीशी धरला. प्रेक्षकांत कोणीतरी नाक ओढलं. कॅमेरा हळूहळू त्याच्या चेहऱ्याकडे सरकत होता. आता तो झाकण उघडणार, आतून लेखकाने ठरवल्याप्रमाणे नुसते स्क्रू आणि काटे सांडणार, आणि सगळे रडता रडता हसणार.

माझं लक्ष झाकणाच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे पोचा नव्हता.

असणार कसा? तो तिसरा डबा होता. पहिला डबा चाळिसाव्या भागानंतर फार खराब झाला म्हणून बाजूला ठेवला होता. दुसरा गोदामातून हरवला. हा तिसरा. तिन्ही एकाच हिरव्या रंगाचे, आणि हे माझ्या रजिस्टराशिवाय कुठेही नोंदलेलं नव्हतं. पहिला डबा सेटमागच्या प्रॉपर्टीच्या, म्हणजे सेटवरच्या सामानाच्या, कपाटात, अगदी खालच्या खणात, माझ्या अक्षरातल्या चिठ्ठीसकट पडून होता. आणि तेव्हा मला आठवलं. सहा महिन्यांपूर्वी, मास्तर पार थकले होते तेव्हा, त्यांनी मला विचारलं होतं, "काय गं इन्स्पेक्टर, पहिला डबा आहे का अजून?" मी रागातच होते कुठल्या तरी गोष्टीवरून. "आहे खालच्या खणात. का? तो पण चुकीच्या काखेत घ्यायचाय?" एवढंच बोलून मी निघून गेले होते.

मी गप्प बसले असते तर काही बिघडणार नव्हतं. लोकांना डोळ्यांतलं पाणी दिसतं, डब्याचा पोचा दिसत नाही. आणि मी बोलले असते तर? टेक वाया. मेलेल्या माणसाच्या निरोपात खोडा घालणारी बाई म्हणून नाव निघालं असतं, आणि मला काढायला मॅडमना आयतं कारण मिळालं असतं, तेही त्यांच्या डोळ्यांसमोर. पण मास्तरांनी लिहिलं होतं, 'तोच. दुसरा कुठलाही नाही.' अकरा वर्षं या माणसाची एक चूक मी चालू दिली नाही. आता ते मान खाली घालून 'चुकलो' म्हणायलाही नाहीत, आणि त्यांच्या नावावर एवढी मोठी चूक मी डोळ्यांदेखत होऊ देऊ?

"थांबा," मी म्हणाले. आवाज फार मोठा निघाला. "हा तो डबा नाही."

पोस्टमनचा हात झाकणावर तसाच राहिला. दिग्दर्शक मला खाऊ की गिळू अशा नजरेने बघत होता. मॅडमनी कपाळावर हात मारला.

"अहो बाई," दिग्दर्शक दातओठ खात म्हणाला, "आजच्या दिवशी तरी..."

"त्यांनी पहिला डबा लिहिलाय. हा तिसरा आहे. पहिला मागे कपाटात आहे, मी आणते." माझं तोंड थांबत नव्हतं. "पोचा बघा ना कोपऱ्यावर. आहे का? नाही."

पोस्टमनने कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "खरंच नाही," तो म्हणाला.

"कट!" दिग्दर्शक ओरडला.

"कट नको," पहिल्या रांगेतून वहिनी म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. "कॅमेरा चालू राहू दे. तिला आणू दे डबा."

मी पळत मागे गेले. कपाटासमोर गुडघे टेकले आणि खालचा खण ओढला. डबा होता. माझी चिठ्ठीही होती, पण झाकणावर धूळ नव्हती. कोणीतरी तो उघडून परत जागेवर ठेवला होता. मी तो आणून पोस्टमनच्या हातात दिला आणि कॅमेऱ्याच्या मागे पळाले.

पोस्टमनने झाकण उघडलं. आत एक लहानशी वही होती, तपकिरी कागदात गुंडाळलेली, आणि वर एक चिठ्ठी. त्याने चिठ्ठी आधी मनात वाचली, मग मोठ्याने.

'पोस्टमन, अकरा वर्षांत तू एकही पत्र वेळेवर पोचवलं नाहीस. डबा तुला ठेव, पण हे एवढं पार्सल आज पोचव. ज्या बाईने तुला थांबवलं असेल, तिला.'

पोस्टमनने टोपी नीट केली. पार्सल झोळीत टाकलं, दुकानाच्या दारातून बाहेर पडला, सेटची फळी ओलांडली, केबली ओलांडल्या, आणि गणवेशातच सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. कॅमेरा त्याच्यामागे आलाच. "पत्र आहे, बाई," तो म्हणाला, "सही करा." सहीला कागद नव्हता, म्हणून मी त्याच्या तळहातावर सही केली. लोक टाळ्या वाजवत होते. मला काही दिसत नव्हतं, चष्मा भिजला होता.

पार्सल मी तिथेच, एका खोक्यावर बसून उघडलं. पहिल्या पानावर मास्तरांचं ते गोलगोल अक्षर.

'इन्स्पेक्टर, पहिल्याच वर्षी मी मेकअपच्या खोलीत बसलो होतो. बाहेर मॅडम कोणालातरी सांगत होत्या की इथे कोणी चुकतच नाही, मग या बाईचं काम काय. तू तेव्हा नवीन होतीस. तुझं काम मी पाहिलं होतं. तुझ्यासारखी नजर मी शाळेतही कोणाची पाहिली नाही. म्हणून त्या दिवसापासून मी चुकायला लागलो. टेक वाया जाणार नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल, अशा बेताने. आयुष्यभर पोरांच्या चुका काढल्या, आता स्वतः करून बघितल्या. मजा आली. रागावू नकोस. तुझ्या वहिनीशी मी पैज लावलीय. ती म्हणते, माझ्या मागे माझा मान ठेवून तू गप्प बसशील. मी म्हणतो, नाही बसणार.'

पुढची सगळी पानं याद्यांनी भरली होती. भाग, तारीख, आणि आदल्या दिवशीच ठरवलेली चूक. 'डबा उजवीकडे. पकडेल.' 'चष्मा खिशात. पकडेल.' 'बटण. अवघड आहे, पण पकडेल.' प्रत्येकापुढे नंतर दुसऱ्या शाईने एक बरोबरची खूण. पानामागून पान, नुसत्या बरोबरच्या खुणा. मला एवढे मार्क शाळेतही कोणी दिले नव्हते.

वहिनी माझ्या शेजारी येऊन खोक्यावर टेकल्या. "हरले बाई मी तुझ्यामुळे," त्या म्हणाल्या. "आता तो त्यांचा पिवळा स्वेटर मला वापरावा लागणार. हरले तर कोणाला द्यायचा नाही, स्वतः घालायचा, असं कबूल करून घेतलंय माझ्याकडून."

"वहिनी, मी त्यांना काय काय बोलले हो."

"ते घरी येऊन सगळं सांगायचे. नकलेसकट. जेवताना ठसका लागायचा आम्हाला." त्यांनी माझा हात धरला. "तू सुट्टीवर असलीस की ते कंटाळून परत यायचे."

मॅडम थोड्या लांब उभ्या होत्या. मी मान वर केल्यावर पुढे आल्या. वहीचं पहिलं पान त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला होता.

"फोटोत तो पोचा दिसला नसता," त्या म्हणाल्या.

"नसता."

"पुढच्या महिन्यात ये. नवं रजिस्टर घेऊन."

"चुका कोण करणार पण?"

"मिळेल गं कोणीतरी," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसत निघून गेल्या.

सेट रिकामा झाल्यावर मी वही परत पहिल्यापासून वाचली. सहाव्या वर्षाच्या एका पानावर खूण नव्हती. चूक करायचीही लिहिली नव्हती. फक्त तीन ओळी होत्या: 'इन्स्पेक्टरची आई गेली, त्यानंतर ती आज पहिल्यांदा आली. आज मी काही चुकलो नाही. तिनेच डब्याची काख उलटी लिहिली, पण ते राहू दे.'

मी उठून एडिटिंगच्या खोलीत गेले. त्या दिवसाचं न कापलेलं शूटिंग शोधायला लावलं. सकाळचा शॉट: मास्तर दुकानात येतात, डबा डाव्या काखेत. रजिस्टर उघडलं, तर माझ्याच अक्षरात, 'डबा, उजवी काख.' पुढचा शॉट दुपारचा. मास्तर दारात उभे, डबा डाव्या काखेत. बरोबर जागी. आणि कॅमेऱ्याच्या मागून माझा आवाज येतो, बसलेला, चिडलेला, "मास्तर, उजवी काख! रोज सांगायचं का?"

पडद्यावर मास्तर माझ्या दिशेने बघतात. क्षणभरच. मग डबा डाव्या काखेतून काढून उजव्या काखेत घेतात.

"चुकलो, इन्स्पेक्टर."

ते चुकले नव्हते. सगळ्या सेटसमोर त्या दिवशी मी चुकले होते आणि ते त्यांनी स्वतःवर घेतलं, मान खाली घालून, रोजच्यासारखं. मी तो तुकडा पुन्हा एकदा लावायला सांगितला. मग पेन काढलं, जुन्या रजिस्टरातल्या त्या ओळीखाली आजची तारीख घातली आणि लिहिलं, 'डबा डाव्या काखेत होता. मास्तर बरोबर होते. चूक माझी.' खाली सही केली.

मग वहीतल्या त्या पानावर, खुणेच्या रिकाम्या जागी, मी माझ्या पेनाने एक बरोबरची खूण केली.